तासाभरात पुसला जाईल

रंगाच्या त्या कारखान्यात बेचाळीस जणांच्या फोनवर कंपनीची मेल येत असे. ती कोणाला दिसावी आणि कोणाला नाही, हे एका माणसाच्या हातात होतं. त्याला सगळे पाठीमागे 'अडसर' म्हणत. हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. त्यानं मनावर घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

कोणी नवा फोन घेतला की आधी याच्याकडे यायचं. हा फोनला सहा आकडी कुलूप आहे का बघणार, नियमांच्या कागदावर सही घेणार, मगच मेल सुरू करून देणार. कोणी नोकरी सोडली, की निरोपाचा चहा संपायच्या आत त्याची मेल बंद. त्यामुळे हा दारात दिसला की लोक हातातला फोन पालथा घालत.

"आले! आज कोणाचं काय बंद?" हिशेबनीस मोठ्यानं विचारत. सगळे हसत. हाही हसे आणि काम उरकून आपल्या खोलीत जाऊन बसे.

एका सोमवारी बाराच्या सुमारास रंगमावशी त्याच्या खोलीत आली. ही छटा जुळवणारी. गिऱ्हाइकानं जुन्या दाराचा टवका आणून दिला, तरी हुबेहूब तोच रंग करून देणारी. कोणत्या छटेत काय किती घालायचं, ती सगळी प्रमाणं तिच्या मेलमध्ये. ती प्रमाणं बाहेर गेली, तर कारखान्याच्या पोटावरच पाय.

"अरे, फोन हरवला माझा. सकाळी बाहेर चार कामं केली, कुठे राहिला देव जाणे. रिंग जाते, कोणी उचलत नाही. तू पूस बघू लवकर."

त्याला नवल वाटलं. आजवर त्यानं तीन फोन पुसले होते. एक जण रडला होता, दुसऱ्यानं बोलणं टाकलं होतं. ही स्वतःहून पूस म्हणते! त्यानं तिचं नाव शोधून काढलं, बटणावर बोट नेलं आणि थबकला.

"पूस की! हात काय आखडतोयस?"

"मावशी, आतलं सगळं दुसरीकडे ठेवलंय ना?"

"दुसरीकडे कशाला? तुझ्याच कागदावर लिहिलंय, 'फोन हरवल्यास तो तासाभरात पुसला जाईल.' मी चष्मा लावून वाचलं, मगच सही केली."

"पुसला जाईल म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे चौकशी होईल. आमच्या घरी विचारण्याला पुसणंच म्हणतात. वाटलं, तुझ्याकडे यंत्र आहे, तू दुकानदारांना, बसवाल्यांना पुसशील."

त्यानं बोट मागे घेतलं. पुसणं म्हणजे फोन पाटीसारखा कोरा करणं, हे त्यानं सांगितलं, तेव्हा ती खुर्ची ओढून बसली आणि भावाचं सांगू लागली.

तिच्या धाकट्या भावाची चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती त्याच्याकडून बोलण्याचा सराव करून घेई आणि त्याचा आवाज फोनमध्ये साठवी.

"पहिल्या महिन्यात नुसतं 'आ'. आता 'पाणी दे' म्हणतो. कंटाळून तोंड फिरवून बसला ना, की मी त्याचा जुना आवाज ऐकवते. मग कळतं त्याला, आपण कुठवर आलो ते. दुसरं काही नाही रे त्याला उमेद द्यायला."

घड्याळात तासातली वीस मिनिटं गेली होती. फक्त कंपनीची मेल काढून घ्यायची आणि बाकी फोनला हात लावायचा नाही, अशी सोय वर्षभरापासून होती. पण ती कोणाच्या फोनला चालते, हे एकेक करून तपासावं लागलं असतं. त्या कटकटीपेक्षा त्यानं सरसकट एकच नियम लावला होता. आता त्यानं तपासलं. मावशीच्या फोनला चालत होती.

नियम मोडायची परवानगी मागायला तो साहेबांकडे गेला. उभ्या नोकरीत साहेबांना न बोलावता भेटायची ही पहिलीच वेळ.

"नियम कोणी केला?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"मग?"

"चुकला, साहेब. लिहिण्यातही चुकला आणि करण्यातही. फक्त मेल काढतो. प्रमाणं बाहेर गेली तर माझी जबाबदारी, तसं लिहून देतो."

"नको बाबा, लिहू नकोस! तुझ्या लिहिण्यानंच हा घोळ झालाय. जा, कर."

खोलीत परत येऊन त्यानं बटण दाबलं. दोघंही पडद्याकडे बघत बसली. सहा मिनिटांनी अक्षरं उमटली: मेल काढली. मावशीनं डोळे पुसले आणि पुन्हा आपला नंबर लावून बघितला. कोणी उचलला नाही.

चारला उचलला. चष्मेवाला होता. दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला गेला होता, आणि फोन काचांच्या खोक्यामागे वाजत पडला होता. मावशीनं तिथल्या तिथे कुलपाचे आकडे सांगून त्याच्याकडून एक आवाज लावून घेतला. खरखरीत, अडखळत कोणीतरी म्हणालं, "ता... ई."

"आहे रे, आहे!" ती ओरडली, आणि अडसरच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुने कागद फाडले आणि बेचाळीस नावांची यादी घेऊन निघाला. पहिले हिशेबनीस. त्यांनी सवयीनं फोन पालथा घातला.

"आज माझं बंद वाटतं?"

"नाही. फोन हरवलाच, तर तुमचं काय काय वाचवायला हवं, ते सांगा."

हिशेबनीसांनी इकडेतिकडे पाहिलं, शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली आणि आवाज खाली आणला.

"बसा. कोणाला सांगणार नाही ना? मी गाणी म्हणतो."