कन्याकुमारीचं एक उत्तर

वत्सला गेल्याचा फोन रजनीने लोणारहून केला, तेव्हा मी मलकापुरात गच्चीवर तुरीची डाळ उन्हात पसरत होते. ‘‘सुमन, वत्सला गेली वं... सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्याच...’’ अशा वेळी माणसाला आधी रडू येतं म्हणतात. मला आलं नाही. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तिला ते सांगायचं कायमचं राहून गेलं. रडू नंतर एस.टी.त आलं, मेहकरच्या अलीकडे कुठेतरी, आणि शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

आम्ही तिघी लोणारच्या शाळेत एका बाकावरच्या. पुढे रजनीने तिथेच सासरचं किराणा दुकान सांभाळलं, मी मलकापूरच्या पोस्टात खिडकीमागे जन्म घालवला, आणि वत्सला नर्स होऊन गावोगावच्या उपकेंद्रांत फिरत राहिली. निवृत्त झाल्यावर ती लोणारजवळच्या आपल्या गावी, बीबीला, परतली आणि महिनाभरात कंटाळली. मग शाळा सुटल्यावर समाजमंदिराच्या हॉलमध्ये मुलं जमवून शिकवायला लागली. पगार नाही, कुणाची नेमणूक नाही. मी तिला चिडवायचे, ‘‘तुझी नोकरी बिनपगारी अन् सुट्ट्या मात्र सरकारी!’’ कारण दिवाळीची सुट्टी लागली की तिला दक्षिणेत जायचं असायचं आणि आम्हा दोघींना तिच्याबरोबर जावंच लागायचं. मलकापूरहून अकोला, तिथून दक्षिणेची गाडी, रजनीच्या डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

आम्हाला देवळं पाहायची असत. वत्सलाला प्रश्न पाहायचे असत. निघण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाने दक्षिणेबद्दलचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असा तिचा रिवाज होता. परत आल्यावर ती उत्तरं सांगायची. नियम एकच... पुस्तकातून नाही, मोबाइलमधून नाही, कुणाच्या सांगण्यावरून नाही. स्वतः पाहायचं, स्वतः चाखायचं, मगच बोलायचं. जमलं नाही तर मुलांना तोंडावर सांगायचं की जमलं नाही. ‘‘नर्सबाईनं नाडी न पाहताच आकडा लिहिला त चालन का?’’ असं ती म्हणायची.

एका पोराने विचारलं होतं, तिकडचे लोक बैलाला वळवताना काय म्हणतात? झालं! तंजावरचं एवढं देऊळ सोडून ही बाई दोन दिवस आम्हाला शेतांच्या कडेने हिंडवत होती, आणि जिकडे तिकडे ट्रॅक्टर. शेवटी एक बैलवाला सापडला. वत्सला बांधावर उभी, आम्ही छत्र्या धरून तिच्यामागे. तो मनुष्य बैलांशी एक शब्द बोलेल तर शपथ. नुसती जीभ टाळ्याला लावून टक्‌ टक्‌ करायचा आणि बैल वळायचे. वत्सलाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ‘‘बाप्पा! बैलाले त भाषाच लागत नाही वं!’’ दुसऱ्या वर्षी एका मुलीला जाणून घ्यायचं होतं की रामेश्वरचा समुद्र जास्त खारट की आपलं लोणारचं तळं. त्यासाठी तळ्याचं पाणी बाटलीत भरून आमच्याबरोबर निघालं. बाटली नेमकी माझ्या पिशवीत झिरपली आणि माझी नवी साडी अकोला येईपर्यंत वास मारायला लागली. मी तिला नाही नाही ते बोलले. तिने किनाऱ्यावर उकिडवं बसून आधी हे बोटभर, मग ते बोटभर चाखलं, डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, ‘‘समुद्र निस्ता खारट. आपल्या पाण्याले वरून पापडखाराची चव हाय.’’ खारट जास्त कोणतं ते काही तिला ठरवता आलं नाही, आणि मुलांना तिने तसंच सांगितलं.

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आम्ही कन्याकुमारीला गेलो. प्रणाली नावाच्या मुलीची चिठ्ठी होती : तीन समुद्र मिळतात तिथे पाण्याचे रंग वेगवेगळे दिसतात का? वत्सला गाडीत सारखी तेच बोलत होती. आणि पोचलो त्याच दिवशी तिला सडकून ताप भरला. दुसऱ्या दिवशीही उतरेना. तिसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी. सकाळी धर्मशाळेच्या खाटेवरून तिने माझा हात धरला. ‘‘सुमन, तू जाऊन ये. तुह्या डोळ्यानं पाहिलं म्हंजे म्याच पाहिलं. नीट पाहजो.’’ रजनी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली आणि मी निघाले.

समुद्राच्या वाटेवर शंख-शिंपल्यांची दुकानं आहेत. नातीसाठी एक माळ घ्यावी म्हणून थांबले. मग सुनेसाठी आरसा... मग दुकानदाराशी खाणाखुणांनी घासाघीस. भान आलं तेव्हा तास उलटून गेला होता आणि आभाळ गच्च भरून पाऊस सुरू झाला होता. किनाऱ्यापर्यंत मी गेलेच नाही. दुकानाच्या छपराखालून जे दिसलं ते एक राखाडी पाणी, बस. परत येताना वाटलं, खरं सांगून टाकू. पण ती खाटेवर उठून बसली होती, तापाने लाल झालेले डोळे माझ्याकडे लावून. त्या दुकानदाराच्या भिंतीवर एक चित्र होतं, निळा, हिरवा आणि काळपट असे तीन पट्टे. मी म्हणाले, ‘‘दिसतात की! निळा, हिरवा अन् काळपट.’’ खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं अगदी हाताने पट्टे दाखवून सांगितलं. तिला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. पण वेळ मारून नेली होती, आणि एवढ्याशा गोष्टीने काय होतं, अशी मी मनाची समजूत घातली.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं ते या उन्हाळ्यात कळलं. वत्सला मलकापूरला डोळे तपासून घ्यायला आली होती आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. ती आमची शेवटची भेट. भाकरी थापता थापता मी ऐकत होते. ‘‘सुमन, ते प्रणाली आता नववीत गेली. मले विचारते, एक रंग संपून दुसरा लागते, तिथं मधात काय असते? रेघ दिसते का मिसळून जाते? मी म्हटलं, थांब, सुमनले विचारतो. काय दिसलं होतं वं तुले?’’ माझा हात परातीत थांबला. मी म्हणाले, ‘‘आता नाही आठवत बाई.’’ तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहिलेली बाई होती ती. मग हळूच म्हणाली, ‘‘आठवलं का सांगजो,’’ आणि ताटात भाकरी घेतली. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर विचारलं का नाही? की मीच सांगावं म्हणून वाट पाहत होती... तिच्या बाबतीत मला पडलेला हा एकच प्रश्न, आणि याचं उत्तर कुठे जाऊन पाहावं?

ती गेल्यावर महिनाभराने मी बीबीला गेले. हॉलमध्ये मुलं जमली होती. भिंतीवर तिच्या अक्षरातले पुठ्ठे ओळीने लावलेले, वर प्रश्न, खाली उत्तर, आणि तळाशी ‘मी पाहिलं’. बैलाच्या पुठ्ठ्यावर तसं, खारट पाण्याच्या पुठ्ठ्यावर तसं. एकाच पुठ्ठ्याखाली लिहिलं होतं, ‘सुमनने पाहिलं’. मुलांना वाटलं मी बाईंच्या आठवणी सांगायला आलेय. मी उभ्या उभ्याच सांगितलं... तो ताप, ते दुकान, ती माळ, तो पाऊस, सगळं. कुणी हसलं नाही. एक लहानगी तेवढी म्हणाली, ‘‘मंग आमच्या बाईले खोटं सांगतलं तुमी?’’ मी म्हणाले, ‘‘हो.’’

प्रणाली उठली. उंच झाली आहे आता, दोन वेण्या. तिने दप्तरातून पट्टी आणि पेन काढलं आणि पुठ्ठ्यावरच्या उत्तरावर सरळ आडवी रेघ मारली, माझ्या नावावर दुसरी. प्रश्न तसाच ठेवला. मग पेनाला टोपण लावून माझ्याकडे वळली.

‘‘मंग आता कवा जाता, मावशी?’’

मी या वयात एकटी, गुडघे असले, रजनीही आता फारशी हिंडत नाही... हे सगळं ओठावर आलं होतं.

‘‘दिवाळीत,’’ मी म्हणाले.

‘‘आधी समुद्र पाहजा,’’ ती म्हणाली. ‘‘बाजारात मंग जाजा.’’