ओडेल टॅकेटचा उशीर

ओडेल टॅकेट हा अलाबामातल्या आमच्या नदीकाठच्या गावचा न्हावी. हात हलका, बोलणं कमी. दुकान बंद झालं की तो मागच्या खोलीत स्टील गिटार घेऊन बसायचा. ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. ती पुढ्यात आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांब सरकवत वाजवायची. सूर ओढल्यासारखे, हुंदका दिल्यासारखे निघतात. आमच्याकडच्या गोऱ्यांच्या कंट्री गाण्यांचा अर्धा जीव त्यातच असतो.

ओडेलचे सूर गोडच होते, पण यायचे उशिरा. गायकाची ओळ संपली तरी याची गिटार गप्पच, आणि सगळे पुढे निघाले की ही येणार. वीस वर्षांत चार बँडनी त्याला नारळ दिला. बायको व्हर्ना म्हणायची, "तुझी गिटार म्हणजे माझा धाकटा दीर. जेवणं उरकल्यावर हजर!" ओडेल हसायचा. पण एकदा तरी आपली गिटार रेकॉर्डवर उमटावी, ही इच्छा त्याला स्वस्थ बसू देत नसे. आता तो सेहेचाळीस वर्षांचा झाला होता.

एकोणीसशे सदुसष्टच्या जुलैत एका दुपारी हॉलिस प्रुइटचा फोन आला. प्रुइटचा स्टुडिओ म्हणजे शवपेट्यांचं जुनं गोदाम. त्याचा नेहमीचा स्टीलवाला गालफुगीने अंथरुणाला खिळला होता. "आत्ता येतोस का?" प्रुइटने विचारलं. ओडेलने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवली आणि गाडीत गिटार घातली. त्या माणसाने पुढे महिनाभर सगळ्या गावाला ते सांगितलं.

गाणार होती अर्लीन कोट्स. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, काळ्या बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये वाढलेली, आवाज असा की छताचे पत्रे थरथरावेत. ड्रमवर डॅनी होता. कानांवर केस, रॉक बँडमधला, ड्रमने आपलं काही वाईट केल्यासारखा बडवणारा. गाणं होतं नवऱ्याने डेट्रॉइटला जाऊन पत्र न पाठवल्याचं.

पहिल्याच खेपेला ओडेल उशिरा आला. डॅनीने काठ्या खाली ठेवल्या. "काका, बस चुकली का?"

काचेपलीकडून प्रुइट म्हणाला, "ओडेल, आणखी एकदा बघू. नाही जमलं तर स्टीलशिवायच करतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट कसं वाटणार नाही? दुसऱ्या खेपेला त्याने बुटाने ताल मोजला आणि अगदी वेळेवर सूर लावला. अर्लीन मध्येच थांबली.

"माझ्या तोंडातला घास कोण पळवतंय?" ती गरजली. "मगाशी वाजवत होते ते कुठे गेले?"

"मीच तो, मिस अर्लीन," ओडेल चाचरत म्हणाला. "मगाशी मागे पडलो होतो."

"मागे पडला नव्हतात, थांबला होतात. कुठल्या चर्चचे तुम्ही?"

ओडेलने सांगितलं. टेकडीवरचं जुनं, वाद्यं वर्ज्य असलेलं गोऱ्यांचं चर्च. गाण्याची पुस्तकं कमी, म्हणून त्याचे आजोबा उभं राहून एकेक ओळ सांगायचे आणि मग सगळी सभा ती ओळ उचलून सावकाश ओढत गायची. आजोबांचा शेवटचा शब्द पुरता विरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सहा वर्षांचा असताना ओडेलने एकदा घाई केली होती, तेव्हा आजोबांनी नुसतं बघितलं होतं. ती नजर अजून त्याच्या मनगटात होती.

अर्लीन खो खो हसली. "आमच्याकडे माझे बाबा ओळ सांगायचे! तरीच म्हटलं, हा माणूस मला उत्तर देतोय." मग डॅनीकडे वळून म्हणाली, "ए बाळा, तुझा तो हातोडा जरा थांबून मार. आम्हा दोघांना श्वास घेऊ दे."

मग जे जमलं ते जमलंच. डॅनी रॉकवालाच राहिला, फक्त धीराचा झाला. अर्लीनची ओळ संपायची, क्षणभर काहीच नाही, आणि मग ओडेलचे सूर तिच्या मागून वर यायचे. प्रुइट डोकं खाजवत राहिला. "हे दुकानवाल्यांनी ठेवायचं कुठे? कंट्रीच्या खणात, काळ्यांच्या सोल गाण्यांच्या, की पोरांच्या रॉकच्या?"

"गल्ल्याशेजारी ठेवा," अर्लीन म्हणाली.

तिने आणलेली तळलेली कोंबडी आणि मक्याचा ब्रेड त्यांनी तिथेच खाल्ला. गोरे-काळे एकत्र म्हणून गावात या तिघांना एका टेबलावर कुणी बसू दिलं नसतं. हात पुसत अर्लीन म्हणाली, "शेवटचं कडवं राहिलं. टॅकेट, यावेळी ओळ तुम्ही सांगा. मी उचलते."

ओडेल दचकला. ओळ सांगणं वडीलधाऱ्यांचं काम. "मला जमायचं नाही," तो म्हणाला.

"चाळिशी ओलांडलीत ना? मग आता वडीलधारे कोण येणार आहेत?"

टेप फिरू लागली. ओडेलने कांब तारांवर टेकवली आणि एकट्याने, कुणाच्याही आधी, ओळ वाजवली. डॅनीच्या काठ्या हवेतच राहिल्या. अर्लीन डोळे मिटून उभी होती. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सगळे ओडेल टॅकेटसाठी थांबले होते.