पंचवीसच्या वरचे पॉइंट चार

वडूजहून सांगलीला पंपांच्या कारखान्यात लागलो तेव्हा वाटलं होतं, आता आपण पंप बनवणार. त्यांनी मला माडीवरच्या खोलीत बसवलं आणि जुन्या ड्रॉइंगचा गठ्ठा पुढ्यात टाकला. इंचातली मापं मिलिमीटरमध्ये करायची आणि नव्यानं काढायची. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पंपांना मागणी होती. खाली लेथची घरघर, वर मी आणि गुणाकार. गावभागात भाड्याची खोली होती, तिथंही कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी कुणाशी बोललो, की पुढचं वाक्य थेट सोमवारी. घरी पत्रात मात्र 'मजेत आहे' असंच लिहायचो.

माझ्या नव्या ड्रॉइंगनी पंचाईत केली ती मामांची. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर, कवठे महांकाळकडचे. इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, यावर त्यांची हयात गेलेली. एके दुपारी ते डबा घेऊन जिना चढून आले.

"मास्तर, ही मिलिमीटरं आमच्या बी डोक्यात घाला की. खाली पोरं हसत्यात."

मग ते रोजच येऊ लागले. त्यांची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझी खानावळीची पाणचट आमटी. थोरले भाऊ मेंढरं घेऊन कुठवर गेलेत, गावाकडं पाऊस आहे का, सगळं सांगायचे. मी दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट बघायचो.

खरं तर शिकवायला एक वाक्य पुरत होतं: इंच म्हणजे पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर. एक कोष्टक उतरून दिलं की काम संपलं, आणि मामांचं येणंही. म्हणून मी म्हणालो, "सध्या पंचवीसच धरा, वरचं पुढं बघू." तीन आठवडे त्यांना पंचवीसच्या पाढ्यावरच ठेवलं. ही लबाडी आहे हे मला कळत होतं.

मग पितळी बुश आले, शाफ्ट ज्यात फिरतो ते. आतलं भोक पन्नास मिलिमीटर. मामांनी हिशेब केला, पंचवीस दुणे पन्नास, म्हणजे आपले दोन इंच, आणि दिवसभरात सगळे बुश करून टाकले. खरे दोन इंच म्हणजे पन्नास पॉइंट आठ, शाफ्ट आत खुळखुळायला लागला. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही.

फोरमननं सगळ्यांदेखत झापलं. "इंच म्हणजे पंचवीस, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी जिन्यातच उभा होतो.

"कुनी न्हाई. माजीच चूक हाय," मामा म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा वर आले, डबा खालीच ठेवून. "ऱ्हायलेलं समदं आजच सांगा."

मी पॉइंट चार सांगितले, कोष्टक उतरून दिलं, चार मापं विचारली. चारही त्यांनी बरोबर सांगितली. सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. मामांनी कागद खिशात घातला आणि माझ्याकडं बघत राहिले.

"एवढंच व्हतं व्हय?"

"व्हय, मामा."

ते उतरून गेले. त्या कारखान्यात मी पुढं तीन वर्षं काढली. मामा पुन्हा वर आले नाहीत. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.