पंपाचा फिटर आणि मदरबोर्ड

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा तिथं पंप दुरुस्त करणारे फिटर होते. त्यानंतर ते मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसते बसून असायचे. नळ गळला तरी म्हणायचे, "प्लंबरला बोलवा." लग्नाच्या पंगतीतून उठून यजमानांची पाण्याची मोटर सुरू करून देणारा हा माणूस! आईला काळजी लागून राहिली होती. माझी मात्र नुसती चिडचिड व्हायची.

शेवटी मी कॉम्प्युटरचे सुटे भागच घरी आणले. दुकानदार गुजरातीत म्हणत होता, "बेन, फिट करी आपुं," म्हणजे मीच जोडून देतो. मी साफ नाही म्हटलं. सगळं सतरंजीवर मांडलं आणि बाबांना म्हणाले, "मला नाही बाई जमत. तुम्हीच बसवा."

बाबा चष्मा पुसून खाली बसले. आई स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणावत होती, आता तू तोंड उघडू नकोस.

मदरबोर्डबरोबर एका पुडीत पितळेचे बुटके खांब होते. ते आधी कॅबिनेटच्या पत्र्यात बसवायचे आणि बोर्ड त्यांच्यावर टेकवायचा. बाबांनी पुडीच बाजूला सारली.

"खाली पोकळी ठेवायची नाही. पंपाच्या बुडाशी जरा फट राहिली, की थरथरून बोल्ट सैल होतात."

"बाबा, हा पंप नाहीये."

"मला शिकवू नकोस."

घ्या! बोर्ड थेट पत्र्यावर गेला. कीबोर्ड जोडायची खाच कॅबिनेटच्या मागच्या भोकाशी जुळेना, तर म्हणे कॅबिनेटवाल्यानंच भोक चुकवलंय. स्क्रू तर असे आवळले, जणू त्यातून वाफ सुटणार होती.

बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "जाळला मी तुझा बोर्ड. माझ्या हातात आता काही राहिलं नाही," असं म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला रडूच यायला लागलं. बोर्ड गेला तर गेला, चुलीत जाऊ दे. पण हा माणूस आता पुन्हा कधी हत्याराला हात लावणार नाही, या विचारानं मी घाबरले.

मी प्लग काढला, बोर्ड सोडवला आणि तसाच गॅलरीत नेऊन त्यांच्यासमोर उलटा धरला. "हे बघा. मागं सगळी सोल्डरची टोकं आहेत. त्यांच्यातून वीज जाते. ती पत्र्याला टेकली, झालं शॉर्ट. आतल्या पॉवर सप्लायनं आपण होऊन वीज तोडली असेल. बोर्ड अजून चांगला असू शकतो."

त्यांनी त्या टोकांवरून अंगठा फिरवला. "उघडी टोकं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

"हां, ते पण आहे," म्हणाले आणि बोर्ड घेऊन आत गेले.

खांब बसवल्यावर खाच बरोबर भोकासमोर आली. बाबांनी नुसतं "हं" केलं. सगळे स्क्रू त्यांनी आधी हलकेच लावले, मग समोरासमोरचे कोपरे धरून थोडे थोडे आवळत नेले. एकाच बाजूनं ओढ पडली की बोर्ड वाकतो म्हणाले. पाइपांचे जोड ते असेच आवळायचे.

"दाबा," मी म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला आणि आतून बीप आला. आई दारातूनच ओरडली, "अगो बाई, झालं!"

मी झाकण लावायला गेले, तर बाबांनी माझा हात धरला. "राहू दे गं. फिरू दे जरा."

पंख्याकडे बघतच ते म्हणाले, "शेवटच्या दिवशी कंपनीतले सगळे पंप मला माझ्याच हातानं बंद करायला लावले. एकेक करून. काही बिघडलेलं नव्हतं गं त्यांचं."

हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती ओले हात पदराला पुसत आली आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसली.