तिसऱ्या बुरुजाखाली

मी पत्रकांवर वाढले. नागपूरला आमच्या घरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची आणि त्यांना घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. बाबांचा नियम एकच: पत्रक समाजाचं असतं, त्यात एका माणसाचं कौतुक करायचं नाही. हा नियम मी अमेरिकेत, ट्रॉय शहरापर्यंत आणला आणि इथे तोंडावर आपटले.

माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. अर्थ सांगितल्यापासून त्या फोनवरही स्वतःला मावशीच म्हणवतात. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये एका हलक्या क्रूझरवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर होते. त्या काळी अमेरिकी नौदलात काळ्या खलाशांच्या वाट्याला बहुधा अधिकाऱ्यांना जेवण वाढायचंच काम येई. लढाईचा भोंगा झाला की हेच वाढपी तोफांच्या फिरत्या बुरुजाखाली धावायचे आणि गोळे वर पोचवायचे.

त्या जहाजावरच्या गोऱ्या-काळ्या सगळ्याच खलाशांची मुलं-नातवंडं दरवर्षी लायब्ररीच्या हॉलमध्ये जमतात. तिथे वाटला जाणारा जहाजाचा छापील युद्धेतिहास मावशींनी मला दाखवला. कोणत्या बेटावर मारा केला, किती विमानं पाडली, सगळं होतं. कॅप्टनचा कुत्रासुद्धा होता. वाढपी नव्हते.

"मी ब्याऐंशीची झाले," मावशी म्हणाल्या. "यंदा माझे बाबा या कागदावर आले पाहिजेत. तू लिही."

मी एका बैठकीत पानभर आग ओतली. मावशींनी चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"अन्याय अकरा वेळा आलाय. माझे बाबा कुठे आहेत?"

"ते सगळ्यांमध्ये आहेत ना, मावशी."

"सगळ्यांमध्ये ते आजवर होतेच की. आणि जहाज कुठे गेलं? त्यांना चीड यायची, पण जहाज फार आवडायचं. दोन्ही लिहिता येत नाही तुला?"

मग त्यांनी वडिलांची पत्रं काढून दिली. मी छापील इतिहासातली एकेक लढाई घेतली आणि तिच्यासमोर त्यांचा दिवस मांडला. सकाळी कॉफी वाढली. भोंगा झाला. तिसऱ्या बुरुजाखाली गोळे दिले, हात सुजले. संध्याकाळी सूप वाढलं, एकाने थंड आहे म्हणून परत पाठवलं. अन्याय हा शब्द एकदाही वापरला नाही. फार जड गेलं.

मेळाव्याच्या दिवशी, शनिवारी, हॉलमध्ये संयोजक गृहस्थांनी पान बघून मान हलवली. "हा लढायांचा इतिहास आहे, स्वयंपाकघराचा नाही."

मी तोंड उघडणार, तोच मावशींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. "वाचा तर," त्या त्यांना म्हणाल्या.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग विचारलं, "तिसरा बुरूज? नक्की?"

"नक्की."

"माझे आजोबा तिथेच तोफेवर होते."

"मग गोळे कुठून येतात असं वाटायचं त्यांना?"

गृहस्थांचे कान लाल झाले, पण ते हसले. लायब्ररीचं झेरॉक्स मशीन चालू केलं, स्टेपलर आणला आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटी आमचं पान जोडायला घेतलं. तीन-चार प्रती झाल्यावर मावशींनी त्यांचा हात धरला.

"मागे नाही. मध्ये. लढाया आहेत तिथे."

गृहस्थांनी खुर्ची ओढली आणि आम्ही तिघं साऱ्या प्रतींच्या पिना उपसायला बसलो.