मर्लची शिडी

लोर्ना व्हिटकॉम गावात तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झाली होती, त्यामुळे गल्लीत कुणाला कशाची खोड आहे हे तिला तोंडपाठ. ऑक्टोबरअखेरचा हॅलोवीन, म्हणजे भुताखेतांची सोंगं सजवायचा सण, जवळ आला की ती थर्माकोलची थडगी कापायची, करड्या रंगात वाळू मिसळून फासायची आणि अंगणात रोवायची. प्रत्येकावर गल्लीतल्या एका जित्याजागत्या माणसाचं नाव आणि खाली एक चिमटा. पाद्रीबाबांच्या थडग्यावर लिहिलेलं, 'थांबा, आणखी एकच मुद्दा.' अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या गल्लीत ज्याचं थडगं नाही, त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटे.

समोरच्या मर्लचं थडगं एकोणीस वर्षं तेच होतं. 'इथे मर्ल निजलाय. शिडी उद्या आणून देतो म्हणाला होता.' शिडी लोर्नाची. मर्ल दरवर्षी कुंपणापाशी येऊन ते मोठ्यांदा वाचायचा, पोट धरून हसायचा आणि शिडी काही द्यायचा नाही.

यंदा ऑगस्टमध्ये मर्ल खरंच गेला. त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या, स्वयंपाकघराची खिडकी थेट लोर्नाच्या अंगणावर उघडते. बिचारीने रोज सकाळी तेच बघायचं? लोर्नाने ते थडगं गॅरेजात चादरीखाली झाकलं, बाकीची रोवली आणि आपण फार शहाणपणा केला असं मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस शिडी फरफटत रस्ता ओलांडून आली.

"घे तुझी शिडी."

"अगं, कसली घाई होती?"

"माणूस मेला तरी तुझा राग जाईना. सगळी गल्ली मांडलीस, तेवढा माझाच नवरा गाळलास."

"राग कसला, आर्डिस? तुला बघवणार नाही म्हणून काढलं मी."

"मग मला विचारायचंस. तिकडे दफनभूमीत नुसतं नाव आणि दोन सालं आहेत. ते कुणाचंही असेल. माझा मर्ल इथे असतो."

लोर्नाला स्वतःची लाज वाटली. पण लाजून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने थडगं आणलं आणि पहिल्या रांगेत, बरोबर त्या खिडकीसमोर रोवलं. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. आर्डिसने ते मर्लसारखंच मोठ्यांदा वाचलं, हसली आणि मग बराच वेळ रडली.

ती निघाली तेव्हा लोर्नाने शिडीचं एक टोक उचललं आणि दुसरं तिच्या हातात दिलं.

"चल, तुझ्या घरी पोचवू. माझ्या अंगणात खोटं लिहिलेलं मला चालत नाही."