तिला अठरा पूर्ण झाली तेव्हा

माझी बहीण वारल्यावरही बाबा आठ वर्षं तिच्या नावाने पोस्टात दर महिन्याला पाचशे रुपये भरत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे येणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही, तेव्हा निदान सुरुवातीला तरी बाबाच विचित्र दिसू देत.

बाबा कोहमाऱ्याच्या चौकातल्या एका ढाब्यावर तंदूरच्या रोट्या लावतात. माय पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते, बाकी दिवस मिळेल ते काम. आम्ही दोघी बहिणी. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि तिला सिकलसेल. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की हा रक्ताचा आजार आहे आणि मायबाप दोघांच्याही अंगात तो थोडा थोडा असला तर एखाद्या लेकरात पुरता उतरतो. माझ्यात थोडा आला, तिच्यात पुरता. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकायला लागायचे, मग ताप, मग गोंदियाचं सरकारी हॉस्पिटल, मग रक्त लावणं. वर्षातून तीन-चार वेळा हेच.

तिच्यासोबत बहुतेक वेळा मीच राहायची, कारण मायची मजुरी बुडायची. तिची शीर सापडत नसे. दोन-दोन, तीन-तीन सुया टोचायच्या आणि ती ओरडायची नाही, फक्त माझं मनगट दाबून धरायची. त्या वॉर्डात एक सिस्टर होती, ती पहिल्याच सुईत शीर धरायची. सुई टोचण्याआधी ती हात आपल्या पदरात घेऊन थोडा वेळ चोळत बसायची. मला ती सिस्टर व्हायचं होतं. दुसरं काही व्हावं असं मला कधी वाटलंच नाही, म्हणून मी सायन्स घेतलं होतं.

मी बारावीला होते त्याच वर्षी बाबांनी बहिणीच्या नावाने पोस्टात खातं उघडलं. मुलींसाठीची सरकारी योजना होती. दहा वर्षांच्या आतली मुलगी पाहिजे, व्याज चांगलं आणि पैसे तिच्या शिक्षणाला नाहीतर लग्नालाच काढता येतात. मी सतरा वर्षांची, म्हणजे योजनेतून बाद. बाबांनी पासबुक आणून मायच्या हातात दिलं, मायने ते कपाळाला लावलं आणि मी आतल्या खोलीत जाऊन दप्तर आपटलं.

निकालानंतर मी नर्सिंगचं काढलं. खाजगी कॉलेजची फी, होस्टेल, कपडे, सगळा हिशोब कागदावर मांडून बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, बाकीचं कर्जाने पाहू, पण ते पाचशे दोन-तीन वर्षं मला द्या, तिच्या नावाने नंतर भरू.

बाबांनी कागद पाहिला. वाचला असं म्हणत नाही, पाहिला.

"तू धडधाकट आहेस," ते म्हणाले. "चार घरी राबून बी जगशील. इले तसं नाही जमणार. इले बसून करायचं काम पाहिजे, अन् त्याले शिकाव लागते."

"अन् मायं काय, बाबा?"

"तुया वेळेस अशी योजना नव्हती."

बाबांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि ते बरोबर होतं असं तर मी कधीच म्हणणार नाही. मी सडक अर्जुनीत एका ऑनलाईन सेंटरवर कामाला लागले. झेरॉक्स, फोटो, सातबारा आणि लोकांचे फॉर्म. निकाल लागले की पोरी नर्सिंगचे फॉर्म भरायला यायच्या आणि ते मीच भरून द्यायची. फॉर्म भरताना एकही चूक व्हायची नाही माझ्याकडून, सगळे रकाने पाठच होते.

राग काढायला घरात एकच माणूस लहान होतं. एकदा तिच्या वेण्या घालताना मी म्हटलं, "तुयामुळं मायं शिक्षन राह्यलं." ती आठ वर्षांची होती. पुढचे दोन दिवस वेण्या घालायला ती मायकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यापुढे येऊन बसली. मी माफी वगैरे मागितली नाही. मोठी झाल्यावर सांगू, असं ठरवून टाकलं होतं.

दर महिन्याला पगार झाला की बाबा आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि तिला सायकलवर बसवून पोस्टात न्यायचे. खिडकीपाशी ते तिला उचलून धरायचे आणि पैसे तिच्याच हाताने द्यायला लावायचे. येताना दोघं आलुबोंडा खाऊन यायचे. डॉक्टरांनी बाबांना काय काय सांगितलं होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी शेजारीच उभी होते. ते ऐकूनही बाबा एकवीस वर्षांनी मिळणाऱ्या पैशांची गोष्ट करायचे. पैसे भरत राहिलं म्हणजे पोरीलाही तोवर राहावंच लागेल, असं त्यांना वाटत असावं.

ती दहा वर्षांची झाली आणि त्याच डिसेंबरात वारली. चार दिवस हॉस्पिटलात होती. त्या वेळी मी तिच्याजवळ नव्हते, मी सेंटरवर कोणाचा तरी फॉर्म भरत होते.

पुढच्या महिन्यात पगाराच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सायकल काढली. मायला वाटलं, विहारात काही काम असेल. संध्याकाळी फळीवर पासबुक होतं आणि त्यात पाचशेची नवी नोंद. मी विचारलं, "बाबा, हे कायले?"

"राहू दे," ते म्हणाले.

मग आम्ही राहू दिलं. मृत्यूचा दाखला मायच्या पेटीत, पासबुक फळीवर. मायने कधी विषय काढला नाही. तेलाला पैसे नसतानाही काढला नाही. मी मात्र दर महिन्याला मनातल्या मनात चरफडायची. मेलेल्या पोरीसाठी पैसे होते. मी जिवंत होते आणि रोज जेवायला घरीच होते.

गेल्या दोन वर्षांत बाबांचे गुडघे गेले, सायकल जमेना. मग मीच त्यांना माझ्या जुन्या स्कुटीवर न्यायला लागले. बाबांना बारीक रकाने दिसत नाहीत म्हणून पैसे भरायची स्लिपही मीच लिहायची. तिचं पूर्ण नाव, खात्याचा नंबर, खाली बाबांची सही. म्हणजे या सगळ्यात मीही होतेच. खातेदार अठरा वर्षांची झाली की पालकाला बाजूला करून तिलाच बोलावतात, हे माझ्या धंद्यामुळे मला चांगलं माहीत होतं. ती तारीख जवळ येतेय हेही माहीत होतं. मी बाबांना सांगितलं नाही. पोस्टच सांगेल, असं म्हणून मी अंग काढून घेतलं.

त्या दिवशी काउंटरवर नव्या बाई होत्या. त्यांनी पासबुक पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "काका, मुलीला अठरा पूर्ण झाली की. आता तुमच्या सहीवर चालत नाही. तिलाच घेऊन या. आधार, पॅन आणि दोन फोटो."

"आणतो," बाबा म्हणाले.

"कधी आणता? म्हणजे मी तसं लिहून ठेवते."

"ते इथं नाही ना, मॅडम. नागपूरले शिकून राहिली."

"अरे वा. काय शिकते?"

बाबा अडखळले नाहीत. "नर्सिंग," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी पुढे झाले आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "ती वारली, मॅडम. दहा वर्षांची होती तेव्हाच वारली. दाखला घरी आहे."

त्या बाई माझ्याकडे, मग बाबांकडे पाहत राहिल्या. बाबांनी खिडकीतल्या पाचशेच्या नोटेवरचा हात काढला नव्हता. त्यांनी ती नोट सावकाश ओढून घेतली, घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. शर्ट इस्त्रीचा होता.

मी खरं तेच सांगितलं, असं म्हणायची सोय मला आहे. पण मला राग खोट्याचा आला नव्हता. बाबा नुसतं शिकून राहिली म्हणाले असते, बीए करते म्हणाले असते, तर मी गप्प उभी राहिले असते, पुढच्या महिन्यातही स्लिप लिहिली असती. त्यांनी माझं घेतलं आणि तिला दिलं. म्हणजे मला काय हवं होतं ते त्यांच्या लक्षात होतं, सगळी वर्षं लक्षात होतं. मेल्यावरसुद्धा ते तिलाच मिळालं. एवढाच राग होता आणि तो एका दहा वर्षांच्या पोरीवर होता. मला लाज वाटते, पण होता तो असा होता.

येताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरून बसले. घरी आल्यावर मायला म्हणाले, "सांगून आली ते पोस्टात, पोरगी नाही म्हणून." माय तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं.

मग बाबा माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत.

"मले का समजत नाही का? मीनंच तर तिले मातीत ठेवलं. महिन्यातून एक दिस तिथं कोणीतरी तिचं नाव घेऊन विचारे, इच्याच खात्यात टाकायचे ना जी? दुसरं कोण घेते आता तिचं नाव? तू घेते?"

मी घेत नव्हते. घरात कोणीच घेत नव्हतं.

"तुले पैसे पाहिजे होते तं मले मागायचे."

"मागितले होते, बाबा," मी म्हटलं. "कागदावर मांडून मागितले होते."

यावर ते उठून बाहेर गेले.

खातं बंद करायला दोन चकरा लागल्या. दाखला, अर्ज, बाबांचं ओळखपत्र. ती वारली त्या तारखेपासूनचं व्याज साध्या खात्याच्या दराने धरलं गेलं. नियम तसाच आहे आणि त्या बाईंनी तो समजावून सांगतानाही दोनदा माफी मागितली. बाबा सगळ्याला मान हलवत होते. पैसे त्यांच्या बचत खात्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी काढून आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"घे. वय बसते ना अजून?"

वय बसत होतं. त्या कोर्सची वयाची अट मला तोंडपाठ होती. तरी मी म्हटलं, मला नको. बोलायला हवं म्हणून बोलले. माझी नजर पैशांवरून हलत नव्हती आणि ते दोघांनाही दिसत होतं.

शेवटी माय बोलली. इतक्या वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली. "घे ना आता, बाई. कायले ढोंग करतेस?"

मी घेतले.

पहिल्या वर्षाची फी त्यातून निघेल आणि थोडे उरतील. पुढच्या वर्षाचं पुढे पाहू. जे पोरींना हजारदा सांगितलं तेच या वेळी मी माझ्यासाठी केलं, कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या, फोटोच्या मागे नाव लिहिलं. मीच सगळ्यांत मोठी असणार वर्गात, माझ्यापुढे अठरा-अठरा वर्षांच्या पोरी बसणार. बहिणीच्या वयाच्या.

प्रवेशाच्या दिवशी पालक लागतो म्हणून बाबा गोंदियाला आले. सुट्टी घेऊन आले होते. ऑफिसात गर्दी होती. टेबलाच्या पलीकडचे सर फॉर्म तपासत होते. मी कुटुंबाच्या माहितीचा एक रकाना कोराच ठेवला होता. आजवर शेकडो लोकांचा भरून दिलेला रकाना, तो मला भरता आला नव्हता. सरांनी पेनाने त्यावर टिचकी मारली आणि बाबांना विचारलं, "भाऊ, बच्चे किती तुम्हाले?"

आजवर हे कोणीही विचारलं की बाबा दोन सांगायचे. बसमध्ये, ढाब्यावर, माझ्यासाठी स्थळ बघायला आलेल्यांपुढेसुद्धा. दोन पोरी. मी शेजारी बसून ते ऐकायची आणि मनात म्हणायची, जिवंत आहे ती एकच, तेवढीच मोजा. या घरात मी एकटी असते तर, हा विचार मी सतरा वर्षांची असल्यापासून किती वेळा केला, ते मलाच माहीत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहून म्हणाले, "एकच. हेच."

सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि मी त्या रकान्यात एक लिहिलं.